मठाची बियर, घरचं विरजण

"आदी वास घ्यावा, मंग तोंड लावावं."

रामहरी गुळव्या हे वाक्य जन्मभर म्हणत आला. आंबा हातात घेतला की म्हणायचा, दुधाच्या चरवीवरचं झाकण काढलं की म्हणायचा. भाचीला स्थळ बघायला निघालेल्या भावकीला त्यानं हेच सांगितलं होतं, आणि मतं मागायला दारात आलेल्या पुढाऱ्यालाही. पुढारी हसला. रामहरी हसला नाही. त्या वाक्यावर त्याचं पोट होतं, त्याची थट्टा त्याला चालत नसे.

गुळव्या म्हणजे गूळ करणारा. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, वर आलेली मळी काढत राहायची, आणि मग एक क्षण असा येतो की काहील तेव्हाच उतरवावी लागते. जरा आधी उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. दुसरे गुळवे पाक पाण्यात टाकून, बोटांत घेऊन बघायचे. रामहरी काठाशी उभा राहायचा, डोळे मिटून वाफेत नाक धरायचा आणि एवढंच म्हणायचा, "उतरा." मग धावाधाव. युसूफ वडगावच्या शिवारापासून धारूरच्या डोंगरापर्यंत जिथं गुऱ्हाळ पेटलं तिथं त्याला मान होता. चहाचा पहिला कप त्याला, बसायला झटकलेलं पोतं त्याला. तो मान त्यानं कधी खाली पडू दिला नाही. चाल सावकाश, पटका स्वच्छ, बोलणं मोजकं.

त्याच्या नाकावर हुकूम चालवणारं माणूस एकच होतं, त्याची बायको चंद्रभागाबाई. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात तिचं एक मातीचं बोळकं असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात आंबिलीचं विरजण. लग्नात आईनं दिलेलं ते बोळकं ती धारूरहून एस.टी.त मांडीवर धरून आली होती. दर बाजाराच्या दिवशी त्यात मूठभर ज्वारीचं पीठ आणि ताक घालायची, ढवळायची आणि हाक मारायची, "अवो, इकडं या. सांगा बरं, भुकेलं हाय का धालंय?"

रामहरी वाकायचा, वास घ्यायचा. "भुकेलंय."

"मला आधीच कळलं हुतं. तुमचं नाक जागेवर हाय का ते बघितलं."

आमच्या भागात मार्गशीर्षाच्या अवसेला येळवस असते. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळे रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करून तिच्यात चुना लावलेले दगडाचे पांडव मांडतात, डाळी-भाज्यांची भज्जी, भाकरी आणि आंबिलीचा निवद दाखवतात, आणि आंबील उभ्या पिकाभोवती शिंपडतात. आंबील घरोघर असते, पण चंद्रभागाबाईची आंबील प्यायला माणसं बांध ओलांडून येत. शेजारच्या विठ्ठलरावाची बायको बायनाबाई तर येळवशीच्या आधी तांब्या घेऊनच यायची. विठ्ठलराव जमीनदार, घरी धान्याच्या कोठ्या, दारात जीप. तरी विरजण मागायला बायनाबाई यायची ती चंद्रभागेच्या दारात.

"एवढा मोठा वाडा तुमचा, अन् एक बोळकं आंबंना व्हय?" चंद्रभागा चिडवायची.

"तुझ्या हातचं आंबलेलं बरं लागतंय बाई. आमच्या घरात माणसंच आंबट हायत, पीठ आंबंना."

दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग ती तापाची साथ आली. पहिल्या वर्षी गाव वाचलं, दुसऱ्या वर्षी नाही. आधी रामहरीला ताप चढला आणि उतरला. मग चंद्रभागाबाईला चढला तो उतरेना. तिला दम लागायला लागला तेव्हा रामहरी विठ्ठलरावाच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. केजच्या दवाखान्यात न्यायला जीप पाहिजे होती. विठ्ठलराव ओट्यावरूनच म्हणाला, "ड्रायव्हर गावाकडं गेलाय रामहरी, गाडी न्हाई." पत्र्याच्या शेडखाली गाडीचं मागचं चाक दिसत होतं. रामहरीनं चाकाकडं बघितलं, विठ्ठलरावाकडं बघितलं नाही. तो परत फिरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला नेली. चंद्रभागाबाई केजहून परत आली नाही.

घरी कुणी आलं नाही. तेव्हा कुणी कुणाकडं जात नव्हतं. चुलत्यानं फोनवरूनच दहाव्याचं सगळं सांगितलं. सुतकातली मातीची भांडी घरात ठेवू नयेत, बाहेर टाकून दे, म्हणाला. रामहरीनं टाकली. पाण्याचा माठ नेला, दुधाचं गाडगं नेलं, चुलीमागचं बोळकं नेलं. ओढ्याच्या काठावर एकेक फोडलं. बोळक्यातून काय सांडलं ते त्यानं बघितलं नाही. हात काम करत होते, बाकी सगळं बंद होतं.

ते बंदच राहिलं. ताप गेला तसा वासही गेला होता. आधी त्याला कळलंच नाही, कारण कशाची दखलच नव्हती. त्या हिवाळ्यात गुऱ्हाळावर बोलावणं आलं. तो गेला, काठाशी उभा राहिला, डोळे मिटले, वाफेत नाक धरलं. तोंडावर वाफ लागत होती. वास नव्हता. तो उभाच राहिला. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आरं बाबा, करपलं!" तेव्हा त्यानं डोळे उघडले. काहील काळी झाली होती. कुणी त्याला बोललं नाही. मालकानं उलट त्याच्यासाठी चहा मागवला. रामहरीनं चहा घेतला, पटका झटकला आणि घरी आला. नंतर तो गुऱ्हाळावर गेला नाही.

त्याचा मुलगा प्रविण परभणीला अन्नप्रक्रिया शिकला आणि पुढं ऑस्ट्रियात गेला. तिथं एका जुन्या मठाच्या बियरच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. साथीत विमानं बंद होती, म्हणून आईच्या वेळी त्याला येता आलं नव्हतं. रामहरीचा चुलतभाऊ अंगद गावभर सांगत सुटला, "आपलं प्रविण फॉरेनला हातभट्टीवर लागलं!" प्रविण फोनवर रोज विचारायचा, आण्णा जेवलात का. रामहरी रोज सांगायचा, जेवलो. मागच्या उन्हाळ्यात प्रविणनं तिकीट काढलं आणि बापाला तिकडं नेलं. विमानात काय वाटलं, असं अंगदनं नंतर विचारलं. रामहरी म्हणाला, "बसलो हुतो."

मठ डोंगरात होता. पिवळ्या भिंती, कांद्यासारखा कळस, दर तासाला घंटा. आत लांब काळ्या झग्यातले साधू. बियर करणारे एक म्हातारे साधू होते, हातावर भाजल्याचे जुने डाग. रामहरीला त्यांचं नाव घेता येईना, तो त्यांना महाराज म्हणायचा. महाराजांनाही 'रामहरी' जमेना, ते त्याला 'राम' म्हणायचे.

महाराजांनी कारखाना दाखवला. जव भिजवून मोड आणतात, ते भाजतात, भरडतात, गरम पाण्यात शिजवतात. एका वेलीची हिरवी फुलं घालतात, त्यानं कडूपणा येतो. मग ते एका दालनात घेऊन गेले. तिथं तांब्याचं भलं मोठं भांडं होतं, खाली जाळ, वर फेस.

"काहील," रामहरी म्हणाला. त्या देशात स्वतःहून बोललेला तो त्याचा पहिला शब्द.

प्रविणनं महाराजांना सांगितलं, आण्णा आयुष्यभर असल्याच काहिलीपाशी उभे होते. महाराजांनी बाजूला होऊन जागा दिली. रामहरी काठाशी गेला, डोळे मिटले. तोंडाला वाफ लागली. तो बराच वेळ उभा राहिला, मग मागं सरला.

"कसा हाय वास?" त्यानं प्रविणला विचारलं.

"गोडसर. भाजलेल्या हुरड्यासारखा. अन् ओल्या गवताचा."

"बरं."

संध्याकाळी मठाच्या बागेत लाकडी बाकं भरली. मोठमोठी झाडं, त्याखाली म्हातारी माणसं, बायका, लेकरंबाळं, सगळी एका बाकावर. काळा पाव, मीठ लावलेला मुळा आणि समोर सोनेरी बियर. कुणी झिंगत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं. घोट घ्यायचा, ओठावरचा फेस पुसायचा, पुन्हा बोलायला लागायचं. एक म्हातारा घोट घेऊन डोळे मिटून बसला. रामहरी त्याच्याकडं बघत राहिला. आपणही कधीकाळी असेच डोळे मिटत होतो, एवढं त्याच्या मनात येऊन गेलं. गेलं तसं गेलं.

"आण्णा, ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं," प्रविण म्हणाला. "न बघता टेकवला तर इथं वाईट दिसतं."

महाराजांनी ग्लास पुढं केला. रामहरीची नजर ग्लासावरच होती. महाराज थांबले. ग्लास तसाच धरून थांबले. शेवटी रामहरीनं मान वर केली. निळे, पाणावलेले, म्हातारे डोळे होते. काच काचेला टेकली. त्यानं घोट घेतला. थंड लागलं, जिभेवर चुरचुरलं, मागं थोडं कडू झालं. बाकी काही नाही.

महाराज मठाची गोष्ट सांगत होते, प्रविण ती मराठीत आणत होता. शेकडो वर्षं हीच बियर. प्रत्येक घाण्यातलं थोडं विरजण पुढच्या घाण्यासाठी ठेवायचं, असं करत इथवर आलेलं. मग महायुद्धाची लढाई आली. शिपायांनी तांब्याची भांडी ओतकामासाठी नेली, साधूंना हाकलून दिलं. खालच्या गावात दुसरा एक बियरवाला होता. मठात भांडी कुठं लपवली आहेत ते त्यानंच शिपायांना दाखवलं होतं. लढाई संपली, साधू परत आले, नवी भांडी आली. पण विरजण मेलं होतं. ते जिवंत राहिलं होतं एकाच ठिकाणी, त्या खालच्या बियरवाल्याकडं. त्यानं पूर्वी मठातूनच नेलेलं.

"मंग?" रामहरीनं विचारलं.

"मग साधू बादली घेऊन त्याच्या दारात गेले."

"गेले?"

"गेले. मागितलं."

"अन् त्यानं दिलं? का म्हून दिलं?"

प्रविणनं विचारलं. महाराजांनी खांदे उडवले आणि काहीतरी म्हणाले.

"म्हणतात, मला ठाऊक नाही, मी तेव्हा लहान होतो. बादली भरून आली एवढं खरं."

रामहरीनं ग्लास संपवला. मग वरच्या झाडाकडं बोट करून विचारलं, "ह्याची फळं खात्यात का?" खात नाहीत, असं कळलं. विषय तिथंच राहिला.

येताना महाराजांनी एक बाटली दिली. रामहरीनं ती जुन्या धोतरात गुंडाळून आणली आणि कोठीत ठेवली.

यंदा मार्गशीर्षात प्रविण सुटीवर घरी आला. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारांना कुलपं. चंद्रभागाबाई गेल्यापासून त्या घरात येळवस झाली नव्हती. रामहरी त्या दिवशी गोठ्यात बसून राहायचा. प्रविण आल्या आल्या म्हणाला, "आण्णा, यंदा येळवस करायची. आईच्या आंबिलीशिवाय मी पुन्हा जाणार न्हाई."

"आईचं विरजण मी ओढ्याला फोडलं," रामहरी म्हणाला. कुणी भाव विचारल्यावर सांगावा तसं त्यानं ते सांगितलं.

प्रविणला ते ठाऊक नव्हतं. रामहरीला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यानं सांगितली नाही. चंद्रभागेचं विरजण मेलं नव्हतं. शेवटच्या येळवशीला नेलेलं बांधापलीकडं होतं, बायनाबाईच्या घरात. तिनं ते मोडू दिलं नसणार. पण त्या फाटकापाशी तो त्या दिवसानंतर गेला नव्हता. वाटेत विठ्ठलराव दिसला की तो मान वळवायचा, आणि बायनाबाई बोलायला पुढं आली की वाट बदलायचा.

अंगणात दुपारच्या उन्हात अंगद येऊन बसला होता. प्रविणनं कोठीतली बाटली काढली.

"ही व्हय ती साधूंची?" अंगदनं बाटली उन्हात धरली. "देवाच्या माणसानं केलीय म्हंता, मंग एकादशीला चालत आसल."

"काका, त्यांचा लांबलचक उपास असतो. उपासात खायचं नाही, पण प्यायला हरकत नव्हती. म्हणून त्या दिवसांसाठी ते घट्ट बियर करायचे. तिला ते पिण्याची भाकर म्हणतात."

"मंजी बे, आपल्यावानीच की!" अंगद मांडीवर थाप मारून हसला. "आपल्याला साबुदाना सापडला, त्यांना ही सापडली. त्यांची युक्ती लई भारी हाय पर. वत."

प्रविणनं स्टीलच्या ग्लासांत सावकाश ओतली. अंगदनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घेतला, तोंड सरळ झालं. "आदी कडू हाय, मागून भाजलेल्या भाकरीवानी लागती. चढत न्हाई वाटतं."

"चढवायला नसते ती, काका. बसायला असते."

"आमी बिनाबियरचंच बसतोय की दिवसभर."

बाटलीच्या तळाशी बोटभर गढूळ गाळ राहिला होता. प्रविणनं तो हलवून बघितला. "आण्णा, ह्यात विरजण जिवंत आहे. पीठ-ताकात घातलं तर फुगेल. आईचं नाही तर महाराजांचं. तेही इतक्या वर्षांचं आहे."

"पांडवांला बियरचा निवद?" अंगद म्हणाला. "भीम खूश व्हईल. धर्माचं मला सांगता येत न्हाई."

रामहरीनं बाटली हातात घेतली. सवयीनं तोंडाशी नेली, डोळे मिटले. काही नाही आलं. त्यानं बाटली खाली ठेवली.

"ही त्यांची हाय," तो म्हणाला. "त्यांच्या घरचं त्यांनी मागून आणलं."

तो उठला. चुलीपाशी गेला, फळीवरचा तांब्या काढला, राखेनं घासला, विसळला. पटका डोक्याला बांधला.

"कुठं निघालाव?" अंगदनं विचारलं.

"पलीकडं."

अंगदच्या हातातला ग्लास तसाच राहिला. प्रविणनं मागं जायला पाऊल उचललं, अंगदनं त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. "बस. त्याचं त्याला जाऊ दे."

हरभऱ्याच्या कडेनं रामहरी सावकाश गेला. फाटक उघडंच होतं. विठ्ठलराव ओट्यावर काठी धरून बसला होता. आता वाळला होता, डोळ्यांखाली कातडी लोंबत होती. शेडखाली तीच जीप होती, चाकं जमिनीत रुतलेली, टपावर कोंबड्या. रामहरीला बघून तो उठायला लागला.

"रामहरी... ये. बस."

"बसायला न्हाई आलो. वैनी हायत का?"

बायनाबाई आवाज ऐकूनच बाहेर आली. तिची नजर रामहरीच्या हातातल्या तांब्यावर गेली आणि ती तिथंच थबकली. टपावरची एक कोंबडी खाली उतरली.

"इरजण पायजे," रामहरी म्हणाला. "आमच्या घरचं."

बायनाबाई मान डोलावून आत गेली. विठ्ठलरावानं घसा खाकरला.

"रामहरी, त्या टायमाला गाडी..."

रामहरीनं मान वर केली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यानं विठ्ठलरावाच्या डोळ्यात बघितलं. नजर हलू दिली नाही.

"गाडीचं मी इसरलो न्हाई," तो म्हणाला. "इसरणारबी न्हाई. मी इरजण मागायला आलोय."

विठ्ठलरावाची मान खाली गेली. तो पुन्हा बसला, आणि बसताना काठी हातातून सुटून ओट्यावरून गडगडत गेली. ती कुणी उचलली नाही.

बायनाबाई बोळकं घेऊन आली. फडकं सोडलं, पळीनं तांब्यात ओतायला लागली. पांढरं, घट्ट, बुडबुडे फुटत होते. "बाजाराच्या दिवशी पीठ घालते," ती म्हणाली. "तिच्यावानीच. एकदाबी चुकवलं न्हाई, भाऊजी. किती येळा वाटलं तुमाला आणून द्यावं. पर तुमी वाट बदलायचाव."

रामहरीनं तांब्या तोंडाशी नेला. डोळे मिटले. बायनाबाई बघत राहिली. त्यानं डोळे उघडले.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "तवाधरनं. तुमी सांगा, कसा येतोय?"

बायनाबाईनं बोळक्यावर वाकून वास घेतला. "आंबट. ओल्या कडब्यावानी. अन् तळाला थोडासा गोड." मग ती म्हणाली, "भुकेलंय, भाऊजी."

रामहरीनं वाकून तांब्यात बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बरं," तो म्हणाला. "जाऊन पीठ घालतो."

त्यानं तांब्यावर पंचा टाकला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि फिरला. फाटकातून बाहेर पडला, हरभऱ्याच्या कडेनं निघाला. तांब्या हिंदकळू नये म्हणून पाऊल हळू टाकत होता, पण त्याची चाल मुळातच तशी होती. अलीकडच्या अंगणात प्रविण आणि अंगद उभे होते, ग्लास हातात तसेच. पलीकडं बायनाबाई उघडं बोळकं घेऊन फाटकात थांबली होती. ओट्यावर विठ्ठलराव काठीविना बसून होता, आणि रामहरीचा पटका बांधावर चढून पलीकडं उतरेपर्यंत तो एकटक तिकडंच बघत होता.